थोरलीचं अपील

आमच्या थोरलीला कोणी विचारायची खोटी, ती गुन्हा कबूल करायची. आणि विचारलं असेल त्यापेक्षा जास्त करायची. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. मी या घरात लग्न होऊन आले त्याला पंधरा दिवस झाले असतील. सासूबाई चुलीपाशी ओरडल्या, "तव्यावरचा बांगडा कुठे गेला?" मी मांजराकडे बघितलं. घरात मांजर असतं ते अशाच वेळेसाठी. पण थोरली म्हणाली, "मी खाल्ला. आणि परवा दोन खाल्ले, ते तुम्हाला कळले नायत." सासूबाईंना एका बांगड्याचं दुःख होतं, ते तीन बांगड्यांचं झालं.

मी तिला मागच्या दारी गाठलं. "बाय, मांजर होतं की गो."

"त्याला बोलता येत नाय म्हणून त्याच्यावर घालायचं?" ती म्हणाली. तिला बाय म्हणायची सवय तेव्हा लागली ती शेवटपर्यंत राहिली. ती मला मधले म्हणायची. घरात तीन भाऊ, त्यातल्या मधल्याची मी बायको.

ती चांगली होती असं कोणी समजू नये. ती दुसऱ्याच्या परसातली भोपळ्याची फुलं काढायची, शेजारणीच्या कोंबडीला दगड मारायची आणि ज्याच्या त्याच्या तोंडावर जे ते बोलायची. फक्त विचारलं की नाही म्हणत नसे. "नाय म्हटलं की लक्षात ठेवावं लागतं," म्हणायची. "व्हय म्हटलं की मोकळी."

तिचं असं मोकळं होणं आमच्या गावात चालून जायचं, कारण गावची रीतच तशी. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने सव्वा तासावर. कोणाकडून काही चूक झाली तर त्याने देवळासमोर गावकीत उभं राहायचं, "चुकलं" म्हणायचं आणि नारळ ठेवायचा. मानकरी नारळ फोडतो, खोबऱ्याचे तुकडे वाटतो. खोबरं तोंडात गेलं की तो विषय कोणी पुन्हा काढायचा नाही. काढला तर काढणाऱ्याने नारळ ठेवायचा. थोरलीने जन्मभरात एवढे नारळ ठेवले की ती उभी राहिली की मानकरी आधीच पुढे यायचा.

आता मुखवट्याचं सांगते. आमच्या घराण्यात गौरीचा चांदीचा मुखवटा एकच. तो तिघा भावांकडे पाळीने, एकेक वर्ष. त्या वर्षी पाळी धाकट्या भावोजींची. भावोजी मुंबईला नोकरीत, पण गावात त्यांनी नवीन बंगला बांधला होता. त्याच्या वास्तुशांतीला थोरली दोनशे माणसांच्या पंगतीत म्हणाली, "घर झ्याक हाय, पण संडास देवळाच्या तोंडावर काढलाव." खोटं नव्हतं. भावोजी मात्र त्यावरून रुसले ते गणपतीला गावी आलेच नाहीत. मुखवटा बंगल्यात, बंगल्याला कुलूप, किल्ली मुंबईत.

एरवी आम्ही नुसत्या तेरड्याची गौर बसवून भागवलं असतं. पण त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येत होत्या. नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे फळं-भाज्यांनी भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची, तो पूर्वातच व्हावा लागतो. आणि तसं वर्ष दर वर्षी येत नाही. थोरलीची सून लग्न होऊन चार वर्षं वाट बघत होती. तिच्या माहेराहून सुपं आली होती. थोरलीने भावोजींना फोन केला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, उचलला नाही.

"मधले, पहार घे," ती म्हणाली.

भर दुपारी, जेवणं आटोपल्यावर, आम्ही दोघी बंगल्यावर गेलो. पहिले दोन घाव थोरलीने घातले. एक दाराला बसला, एक भिंतीला. तिचा नेम कोंबडीलाही एकदाच काय तो लागला होता. मग मी पहार घेतली आणि एका घावात कुलूप पाडलं. इतकी वर्षं हे मी कुठे लिहून दिलं नव्हतं, आता लिहिते. कुलूप मी फोडलं.

मुखवटा कपाटात वर होता. तो घेतला, पदरात गुंडाळला. निघताना थोरली स्वयंपाकघरात गेली आणि चहाची गाळणी घेऊन आली.

"ही कशाला?"

"माजी फुटली."

घरी येऊन तिने भावोजींना पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला. "भावोजी, तुमच्या बंगल्याचं कुलूप फोडलंय," ती म्हणाली. "मुखवटा आणलाय. गौरी गेल्या की आणून ठेवते. गाळणी पण आणलीय." तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण थोरलीने फोन कानापासून वीतभर लांब धरला होता.

ओवसा झाला. सून नटून-थटून सुपं घेऊन गौरीपुढे उभी राहिली, बायका फेर धरून नाचल्या. गौरी गेल्या त्या संध्याकाळी पोलीस आले. भावोजींनी रागाच्या भरात तक्रार दिली होती. हवालदार बिचारा ओळखीचाच. तो म्हणाला, "वहिनी, कोण कोण होतं बंगल्यावर?"

"मी एकटी," थोरली म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने माझ्या पायाच्या अंगठ्यावर टाच दिली. तिची टाच म्हणजे जांभा दगड. मला काही बोलताच आलं नाही. जन्मात एकदा ती खोटं बोलली आणि तेवढंच नेमकं सरकारी कागदावर उतरलं. खाली जप्त केलेल्या वस्तू लिहिल्या: चांदीचा मुखवटा एक, तुटलेलं कुलूप एक, स्टीलची चहाची गाळणी एक.

केस उभी राहायला आठ-दहा महिने गेले. तोवर भावोजींचा राग उतरला होता. ते तक्रार मागे घ्यायला गेले, तर त्यांना सांगितलं, घर फोडून चोरी ही आपापसात मिटवायची केस नव्हे, आता ती सरकारची. भावोजी चेहरा पाडून आमच्या ओट्यावर येऊन बसले. थोरलीने त्यांना चहा दिला. "तुमी कशाला घाबरताव?" म्हणाली. "मी जाते, कबूल करते, विषय संपला."

वकील लावायला ती तयार नव्हती. रत्नागिरीच्या कोर्टात आम्ही दोघी गेलो. तिच्या पिशवीत सोललेला नारळ होता, शेंडी ठेवून. माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मलाही वाटत होतं की मोठ्या गावची गावकी असेल, दुसरं काय.

साहेब तरुण होते, चांगले होते. त्यांनी आरोप वाचून दाखवला, गाळणीसकट. मग म्हणाले, "आजी, गुन्हा कबूल आहे का? कबूल केलात तर शिक्षा होऊ शकते. विचार करून सांगा."

"इचार केला की खोटं सुचतं, साहेब. कबूल हाय."

"कोणाचा दबाव नाही ना तुमच्यावर?"

"माज्यावर?" ती म्हणाली. मागे साक्षीला येऊन बसलेले आमच्या गावचे दोघे खोकले.

"केल्याचा पश्चात्ताप होतो?"

"कशाला? ओवसा झाला ना."

"म्हणजे पुन्हा असं कराल?"

"पुन्हा पूर्वात गौरी आल्या आणि दार बंद असलं, तर करणार."

असं म्हणून तिने पिशवीतून नारळ काढला आणि साहेबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. सगळं कोर्ट नारळाकडे बघत राहिलं. साहेबांनी तो उचलायला सांगितला आणि बराच वेळ लिहीत बसले. मग म्हणाले, एक वर्ष सक्तमजुरी.

थोरली माझ्याकडे वळून म्हणाली, "फोडत का नायत?"

अपील करणार का, असं विचारलं तर नको म्हणाली. पोलीस बाई तिला घेऊन गेली. नारळ माझ्याकडे दिला. मी तो घरी आणून आमटीच्या वाटपाला घातला. नासून कसं चालेल?

दहा दिवसांनी मी तुरुंगात भेटायला गेले. थोरली बायकांच्या बाजूला होती. मला वाटलं रडत असेल. ती तांदूळ निवडत होती आणि शेजारच्या बाईला शिकवत होती की खडा कसा ओळखायचा.

"बरी हायस काय?"

"बरी. रोज सकाळी मोजतात आमाला. एवढं तर सासऱ्यांनी कधी मोजलं नाय, आमी कितीजणी हाव ते."

पण तिचे पाय सुजले होते. सत्तरीला आलेली बाई, लादीवर झोपत होती. एक वर्ष ती काढील असं मला वाटलं नाही. मी तिला सरळ विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस.

"दोघी आत आलो असतो तर म्हशीचं कोणी केलं असतं?" ती म्हणाली. "आणि तू हितं दोन दिवसांत सगळ्यांशी भांडली असतीस. मला तरास झाला असता."

सरकारतर्फे फुकट मदत करणाऱ्या एक वकीलबाई होत्या, मूळच्या दापोलीच्या. मी त्यांना गाठलं. त्यांनी कागद वाचले आणि कपाळावर हात लावून बसल्या. म्हणाल्या, "मुखवट्यात तिन्ही भावांचा वाटा होता, म्हणून ती चोरी नाही असं मला म्हणता आलं असतं. पण आजींनी कबूल केलंय. एकदा कबूल केलं की आता मागे जाता येत नाही. शिक्षा जास्त झाली, एवढंच वरच्या कोर्टात म्हणता येईल. आणि कबूल केलं नसतं तरी, या गाळणीचं मी काय करणार होते?"

आता थोरलीला पटवायचं होतं. ती अपिलाला तयार नव्हती. "एकदा व्हय म्हटलं आणि आता वर जाऊन रडायचं? माजी जीभ हाय का पायपुसणं?" वकीलबाई शहाण्या. त्या जाळीपाशी बसून म्हणाल्या, "आजी, तुमचा शब्द तसाच राहणार. तुम्ही पायलीभर भात द्यायचं कबूल केलंत, आणि मोजणाऱ्याने खंडीभर ओतून घेतलं, तर बोलणार की नाही?"

थोरलीने विचार केला. "मापाचं असेल तर बोललं पायजे," म्हणाली. आणि सही केली.

अपील महिन्याच्या आत दाखल झालं आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तिला जामिनावर सोडलं. पण निकाल उलटा लागला तर परत आत जायचं होतं, उरलेले अकरा महिने. म्हणून वकीलबाईंनी मला काम दिलं. कोर्टात थोरलीने एकच वाक्य बोलायचं: "चुकलं साहेब, पुन्हा करणार नाही." ते तिच्याकडून घोटून घ्यायचं. मी रोज संध्याकाळी तिला ओट्यावर बसवायची.

"म्हण, चुकलं."

"काय चुकलं?"

"काय ते नको. नुसतं चुकलं."

"सून चार वर्षं थांबली होती गो. ते कसं चुकलं?" मग म्हणाली, "गाळणी चुकली. ती मी नको होती आणायला."

तेवढ्यावर आठवडा गेला. त्याच्यापुढे ती सरकली नाही.

मध्येच कोर्टाने एका अधिकाऱ्याला गावात पाठवलं. बाईची वागणूक कशी, तिला चांगल्या वर्तणुकीच्या बोलीवर सोडता येईल का, याची चौकशी करायला. मी आदल्या दिवशी घरोघर सांगून आले की कोणी काही बोलू नका. गाव शहाणं निघालं. जिच्या कोंबडीला थोरली दगड मारायची ती शेजारीणसुद्धा म्हणाली, "फार मायाळू बाई." अधिकारी खूश झाले. मग ते थोरलीकडे गेले आणि म्हणाले, "आजी, यापूर्वी कधी काही केलंय का तुम्ही?"

मी आतून चहा घेऊन आले तोवर त्यांनी दोन पानं भरली होती. थोरली पोलीसपाटलाच्या आंब्यापर्यंत पोचली होती. "ते लिवलंव? आता कोंबडी लिवा. मेली नाय, लंगडते." त्यांनी चौथं पान काढलं तेव्हा मी आत जाऊन बसले. म्हटलं, गेली आता ही.

अपिलाच्या दिवशी भावोजी आमच्या बाजूला येऊन बसले. वरच्या कोर्टाचे साहेब वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी अधिकाऱ्यांचा अहवाल वाचायला घेतला. एका पानावर त्यांची मिशी हलली. वकीलबाई सांगत होत्या, वय बघा, मुखवटा परत मिळालाय, फिर्यादीची आता तक्रार नाही, आणि हा त्यांचा पहिलाच गुन्हा आहे.

"पकडलेला पयला," थोरली म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "आजी, तुम्हाला पश्चात्ताप आहे का?"

"हाय."

मी श्वास सोडला.

"गाळणीचा," थोरली म्हणाली.

तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. ही बाई आता वर्षभर आत जाणार आणि मी बाहेर बसून बघणार, एवढंच मला दिसलं. मी मागच्या बाकावरून उठले आणि मोठ्याने म्हटलं, "साहेब, कुलूप मी फोडलं. हिला पहार धरता येत नाय."

"खोटं बोलते ती," थोरली पिंजऱ्यातून ओरडली. "तिची सवय हाय. लग्न झाल्यापासून."

"मी खोटं? माझ्या अंगठ्याचं नख गेलंय साहेब, हिच्या टाचेखाली."

"बस खाली, मधले."

"तू बस."

शिपाई माझ्याकडे धावला. भावोजी माझा पदर धरून ओढत होते. साहेबांनी टेबलावर हात आपटला. मग ते मला म्हणाले, आणि रागाने नाही म्हणाले, "आजी, हे खालच्या कोर्टात सांगायला हवं होतं. यांनी गुन्हा कबूल केलाय. कोणी काय फोडलं हे आज मला बघता येत नाही. आज माझ्यापुढे फक्त शिक्षेचं माप आहे. बसा."

म्हणजे मी खरं बोलले आणि ते ठेवायला त्या कोर्टात जागाच नव्हती. थोरलीने माझ्याकडे असं बघितलं, जशी पत्त्यांत जिंकली. मी बसले.

दुपारी निकाल दिला. गुन्हा कायम. तुरुंगाऐवजी एक वर्षाची चांगल्या वर्तणुकीची हमी. तिचा मुलगा जामीन. दर महिन्याला ते अधिकारी येऊन बघणार, आणि काही आगळीक केली तर परत कोर्टापुढे, परत तुरुंग. साहेबांनी कारण वाचून दाखवलं, त्यातलं एक वाक्य मला समजलं: या बाईच्या बाबतीत एवढं नक्की सांगता येतं की तिने नवीन काही केलं तर ते न्यायालयाला सर्वांत आधी तिच्याकडूनच कळेल.

तुरुंगाने थोरलीचं जेवढं वाईट केलं नव्हतं तेवढं त्या हमीने केलं. भांडता येईना. शेजारणीची ती लंगडी कोंबडी ओळखून होती, अंगणात येऊन थोरलीसमोर उभी राहायची. सगळ्यांना मजा वाटायची. थोरली दात आवळून बसायची. मग ती माझ्याकडे यायची आणि कानात सांगायची. मी जाऊन तिचं म्हणणं त्या त्या दारात, त्याच शब्दांत, जोरात पोचवून यायची. हमी तिची होती, माझी नव्हती. दहा महिन्यांत गावातल्या निम्म्या घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि थोरलीला सगळे मायाळू म्हणायला लागले.

दर महिन्याला अधिकारी यायचे. "काही तक्रार?" विचारायचे. "मनात लय हाय," थोरली सांगायची. "ते लिवायचं असतं काय?" ते हसायचे, चहा प्यायचे, जायचे.

दहाव्या महिन्याच्या शेवटी ती गेली. सकाळी काजू फोडत बसली होती. मला म्हणाली, "मधले, हात काळे झाले गो, पाणी आण." मी पाणी घेऊन आले तर भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात मीच धुतले. काजूचा डाग असा जात नाही. तसेच काळे गेले.

पुढच्या महिन्यात अधिकारी नेहमीसारखे आले. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी वही काढली. "थोरल्या आजी कुठे आहेत? वर्तणूक कशी आहे?"

"आता काही तक्रार नाही," मी म्हटलं.

ते लिहायला लागले. मग माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की फाईल बंद करावी लागेल, वर्षाला दोन महिने कमी पडले तरी आता काय करणार.

मी म्हटलं, "साहेब, ते दोन महिने माझ्या नावावर घाला. मी भरते."

"आजी, असं करता येत नाही. कायद्यात तसं नाही."

"मग लिहू नका," मी म्हटलं. "चहा घ्या."

दोन महिने मी कोणाला एक शब्द बोलले नाही. फार वाईट गेले.